सूरह निसा, आयत १०५ ते ११३ : घरच्या माणसाची चोरी आणि खानदानाची खोटी साक्ष

सूरह निसा ही कुरआन शरीफची चौथी सूरत. मदीनेत उतरलेली, १७६ आयतींची. निकाह, मेहर, यतीमांचा माल, विरासतीतले हिस्से असे घरातले सगळे नाजूक विषय या सूरतेत आहेत. म्हणूनच बऱ्याच घरांत तिची पहिली काही पानंच जास्त वाचली जातात. पण पाचव्या पाऱ्यात, आयत १०५ पासून ११३ पर्यंत, एक असा भाग आहे की ज्याच्यामागे एका चोरीची हकीकत आहे. चोर घरचाच होता. खानदान त्याला वाचवायला उभं राहिलं. आणि ज्याचा काही संबंध नव्हता त्याच्यावर आळ घालण्यात आला.

हा भाग तिलावतीत अनेकदा आपल्या जिभेवरून जातो, पण तो नेमका कशाबद्दल आहे हे माहीत नसतं. म्हणून हा लेख. आधी हकीकत, मग आयतींचा अर्थ, मग काही शब्द, आणि शेवटी आपल्या घरांशी याचा संबंध, अशा क्रमाने पाहू. आयतींचा अर्थ इथे आपल्या शब्दांत सारांशरूपाने दिला आहे, शब्दशः तर्जुमा नाही.

हकीकत काय होती?

इमाम तिर्मिजी (वफात २७९ हिजरी) यांनी आपल्या हदीसच्या किताबात, तफसीरच्या भागात, ही हकीकत हजरत कतादा बिन नोमान (रजि.) यांच्या तोंडून दिली आहे. हजरत कतादा हे अन्सारी सहाबी, बद्रच्या लढाईत सामील झालेले. औस कबिल्याची बनू जफर नावाची शाखा होती, त्यातले ते.

ते सांगतात की आमच्यातच एक घर होतं, बनू उबैरिक. तीन भाऊ होते: बिश्र, बुशैर आणि मुबश्शिर. घर गरीब होतं, इस्लामच्या आधीही आणि नंतरही. त्यांच्यातला बुशैर मनाने मुनाफिक होता. सहाबांची निंदा करणारे शेर तो स्वतः रचायचा आणि दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर खपवायचा. म्हणजे आपलं केलेलं दुसऱ्याच्या माथी मारायची सवय त्याला चोरीच्या आधीपासूनच होती.

मदीनेत त्या काळी सर्वसाधारण जेवण म्हणजे खजूर आणि जव. शाम देशाकडून व्यापारी यायचे तेव्हा पांढरं बारीक पीठ मिळायचं. ते महाग. ज्याची ऐपत असेल तो घरातल्या कर्त्या माणसापुरतं घ्यायचा, मुलंबाळं खजूर आणि जवच खायची. हजरत कतादा यांचे चाचा रिफाआ बिन जैद यांनी असंच एक ओझं पीठ घेतलं आणि माडीवरच्या खोलीत ठेवलं. तिथेच त्यांची हत्यारंही होती, चिलखत आणि तलवार.

एका रात्री घर फोडलं गेलं. पीठही गेलं, हत्यारंही गेली. सकाळी रिफाआ पुतण्याकडे आले. दोघांनी वस्तीत चौकशी केली. लोक म्हणाले, रात्री बनू उबैरिकच्या घरी चूल पेटलेली दिसली होती, तुमच्याच पिठाच्या भाकरी झाल्या असाव्यात.

बनू उबैरिकच्या लोकांनी लगेच दुसरं नाव पुढे केलं: लबीद बिन सहल. हा माणूस नेक आणि दीनदार म्हणून ओळखला जायचा. त्याच्या कानावर हे गेलं तेव्हा तो तलवार उपसूनच आला. म्हणाला, मी चोरी केली? एकतर खरं काय ते सांगा, नाहीतर ही तलवार आहे. तेव्हा हेच लोक म्हणाले, बाबा, तू जा, तू त्यातला नाहीस.

चाचांनी पुतण्याला नबी करीम (स.) यांच्याकडे पाठवलं. मागणी काय केली ते नीट पाहा. हत्यारं तेवढी परत मिळावीत, पिठाची आम्हाला गरज नाही. शिक्षा मागितली नाही, बदनामी मागितली नाही. प्रकरण तिथेच मिटण्यासारखं होतं.

पण बनू उबैरिकचे लोक आपल्या माणसांकडे गेले. उसैर बिन उर्वा नावाच्या माणसाशी बोलले. घरचे, वस्तीतले बरेच जण जमले आणि नबी करीम (स.) यांच्यासमोर जाऊन म्हणाले की कतादा आणि त्याचा चाचा आमच्यातल्या एका भल्या मुसलमान घरावर पुराव्याशिवाय चोरीचा आळ घेतायत.

त्यानंतर हजरत कतादा आले तेव्हा हुजूर (स.) यांनी त्यांना विचारलं की ज्या घराची लोक नेकनामी सांगतात, त्यांच्यावर तुम्ही पुराव्याविना आळ घेतलात? कतादा सांगतात की मी परतलो तेव्हा वाटलं, माझा थोडा माल गेला असता तरी चाललं असतं, पण या विषयावर बोलायला नको होतं. चाचांना सांगितलं. म्हातारे चाचा एवढंच म्हणाले की मदत अल्लाहकडूनच मागायची.

थोड्याच वेळात या आयती उतरल्या.

दुसरी रिवायत

तफसीरच्या किताबांत हीच हकीकत थोड्या फरकाने येते. इमाम वाहिदी (वफात ४६८ हिजरी) यांच्या, आयती कधी आणि का उतरल्या या विषयावरच्या किताबात, चोराचं नाव तुअमा बिन उबैरिक आहे. त्याने शेजाऱ्याकडून चिलखत चोरलं. चिलखत पिठाच्या पोत्यात होतं, पोत्याला भोक होतं, आणि पिठाची रेघ वाटेभर सांडत गेली. त्याने ते चिलखत एका यहूदी माणसाकडे, जैद बिन समीनकडे, ठेवायला दिलं. माल तिथे सापडला. यहूदी म्हणाला, मला तुअमाने दिलंय. तुअमाने कसम खाल्ली की मला काहीच माहीत नाही. बनू जफरचे लोक तुअमाच्या बाजूने बोलायला गेले, कारण आपला माणूस चोर ठरला तर कबिल्याचं नाक कापलं जाणार. आयती उतरल्या आणि यहूदी निर्दोष ठरला.

दोन्ही रिवायतींत नावं वेगळी आहेत. तिर्मिजींनी आपल्या रिवायतीला गरीब म्हटलंय, म्हणजे ती मोजक्याच सनदीने आलेली आहे. तपशिलावर वाद घालण्यात अर्थ नाही. मुद्दा दोन्हींकडे एकच: चोर आपला, आळ परक्यावर, आणि खानदान चोराच्या बाजूने. आणखी एक गोष्ट. खुद्द कुरआनमध्ये कुणाचंच नाव नाही. चोराचंही नाही, घराचंही नाही. वागणं काय होतं तेवढंच सांगितलंय, म्हणजे वाचणाऱ्याने स्वतःकडे पाहावं.

आयतींचा सारांश

आयत १०५ : किताब हकसह उतरवली आहे ती यासाठी, की अल्लाहने दाखवलं त्याप्रमाणे लोकांमध्ये फैसला व्हावा. जे खियानत करतात त्यांच्या बाजूने भांडणारे होऊ नका.

आयत १०६ : अल्लाहकडे माफी मागा. तो माफ करणारा, मेहरबान आहे.

आयत १०७ : जे स्वतःशीच दगाबाजी करतात त्यांची तरफदारी करू नका.

आयत १०८ : ते लोकांपासून लपतात, पण अल्लाहपासून लपू शकत नाहीत. रात्री बसून नको त्या गोष्टी ठरवतात तेव्हा तो त्यांच्यासोबत असतोच.

आयत १०९ : दुनियेत तुम्ही त्यांच्यासाठी भांडलात. कयामतच्या दिवशी अल्लाहसमोर कोण भांडणार? कोण त्यांचा वकील होणार?

आयत ११० : ज्याच्या हातून वाईट घडलं आणि मग त्याने माफी मागितली, त्याला अल्लाह माफ करणाराच भेटेल.

आयत १११ : जो गुनाह करतो तो स्वतःच्याच जिवावर करतो.

आयत ११२ : जो चूक किंवा गुनाह करून तो एखाद्या बेगुनाह माणसावर टाकतो, त्याने बुहतान आणि उघड गुनाह, दोन्हींचं ओझं उचललं.

आयत ११३ : अल्लाहचा फज्ल नसता तर एका टोळीने तुम्हाला चुकीच्या वाटेवर न्यायचं ठरवलंच होतं. पण ते नुकसान फक्त स्वतःचंच करतात.

समजून घ्यायचे चार शब्द

खियानत : विश्वासाने सोपवलेल्या गोष्टीत दगा. आयत १०७ मध्ये माल रिफाआ यांचा गेलेला असताना दगा मात्र ‘स्वतःशी’ केला असं म्हटलंय. खोटं बोलणाऱ्याला वाटतं की नुकसान समोरच्याचं झालं. कुरआन हिशोब उलटा मांडतो.

खसीम : कुणाच्या तरी बाजूने भांडणारा. चोरी करणारा एक होता, पण खसीम होऊन आलेले अनेक होते. या आयतींचा रोख त्या अनेकांवर जास्त आहे.

वकील : हा तर मराठीतलाही रोजचा शब्द. आयत १०९ मध्ये तोच आहे. इथल्या कचेरीत नात्यातला माणूस आपल्यासाठी उभा राहील, तिथे कोण?

बुहतान : जे केलं नाही ते कुणाच्या नावावर लावणं. गीबत वेगळी, बुहतान वेगळं. गीबत म्हणजे पाठीमागे खरा दोष सांगणं. बुहतान म्हणजे दोषच बनावट.

हुजूर (स.) यांना माफी मागायला का सांगितलं?

हा प्रश्न मुलं हमखास विचारतात, आणि तो टाळू नये. हुजूर (स.) यांनी कुणाला जाणूनबुजून पाठीशी घातलं नव्हतं. समोर आलेल्या साक्षीवरून ते बोलले होते, आणि पुराव्याशिवाय आळ घेऊ नये हे तत्त्वही आपल्या जागी बरोबरच. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही किताबांत हजरत उम्मे सलमा (रजि.) यांच्याकडून आलेली एक हदीस आहे. तिच्यात हुजूर (स.) यांनी समजावलंय की मीही माणूस आहे, तुम्ही भांडणं घेऊन माझ्याकडे येता, एखादा आपली बाजू दुसऱ्यापेक्षा चांगली मांडतो आणि मी ऐकल्याप्रमाणे फैसला देतो. अशा वेळी दुसऱ्याचा हक्क कुणाला मिळाला तर तो त्याने घेऊ नये, ती आगीचा तुकडा आहे.

म्हणजे गोड बोलून, चार माणसं नेऊन, फैसला आपल्या बाजूने करून घेतला तरी हराम हलाल होत नाही. आज हेच जमातच्या बैठकीला लागू आहे, पंचांना लागू आहे, कोर्टालाही.

नंतर काय झालं?

इथे या हकीकतीचा खरा धडा आहे. ज्याने जे ठरवलं होतं, त्याच्या अगदी उलट घडलं.

हत्यारं परत मिळाली. हुजूर (स.) यांनी ती रिफाआ यांना परत केली. हजरत कतादा सांगतात की चाचा म्हातारे होते, नजर अधू झालेली, आणि मला मनातून त्यांच्या इस्लामबद्दल शंका होती. हत्यारं हातात आली तेव्हा चाचा म्हणाले, बेटा, ही अल्लाहच्या वाटेत दिली. तेव्हा मला कळलं की त्यांचा ईमान पक्का आहे. ज्या मालासाठी एवढं रामायण झालं तो माल मालकाने ठेवलाच नाही, आणि पुतण्याच्या मनातला कित्येक दिवसांचा संशय धुतला गेला.

बुशैरचं काय? घरच्यांनी त्याची इज्जत वाचवायला एवढा आटापिटा केला, पण आयती उतरल्यावर तो मदीनेत राहिलाच नाही. पळून मक्केला मुश्रिकांकडे गेला आणि सुलाफा बिन्त साद नावाच्या बाईकडे उतरला. सूरह निसाच्या ११५ आणि ११६ या आयती त्याच्या संदर्भात उतरल्या असं याच रिवायतीत आहे. हजरत हस्सान बिन साबित (रजि.) यांनी त्या बाईवर शेर केले, तेव्हा तिनेही त्याचं सामान डोक्यावर उचललं आणि बाहेर फेकून दिलं. म्हणाली, तुझ्यामुळे मला हस्सानचे शेर ऐकावे लागले, दुसरं तू काय आणलंस? दुसऱ्या रिवायतीत तुअमाचा शेवट असा येतो की मक्केत पुन्हा घर फोडताना भिंत अंगावर पडून तो मेला.

आता आयत ११० पुन्हा वाचा. एवढ्या सख्त शब्दांच्या मधोमध तौबाचा दरवाजा उघडा ठेवलाय. मागणी फक्त हत्यारांची होती. घरच्यांपैकी एकाने जरी हात धरून बुशैरला सांगितलं असतं, की जा, परत देऊन ये, तर तो मदीनेत, आपल्या माणसांत, राहू शकला असता. त्याला वाचवायला गेले त्यांनीच त्याच्यापुढचा दरवाजा लावून घेतला.

याच सूरतेत पुढे : आयत १३५

या भागासोबत आयत १३५ वाचल्याशिवाय विषय पूर्ण होत नाही. तिचा सार असा: इन्साफवर ठाम राहा, अल्लाहसाठी साक्ष द्या, मग ती साक्ष स्वतःच्या, आईवडिलांच्या किंवा नातेवाइकांच्या विरोधात जात असली तरी. माणूस श्रीमंत असो की गरीब, अल्लाह दोघांचा तुमच्यापेक्षा जास्त हितचिंतक आहे. आणि जीभ वळवू नका.

गरिबाचा उल्लेख मुद्दाम आहे. बनू उबैरिक गरीब होते, म्हणून दया येऊन सोडून द्यायचं, हेही नाही. गरिबाला मदत आपल्या खिशातून करायची, दुसऱ्याच्या हक्कातून नाही.

जीभ वळवणं म्हणजे साफ खोटं न बोलता अर्धं बोलणं. ‘मी त्याला चोरी करताना पाहिलं नाही,’ हे खरं असतं. पण रात्री घरात कुणाचं पीठ मळलं गेलं हे माहीत असताना तेवढंच बोलून थांबणं, ही ती वळवलेली जीभ.

आपल्या घरांत

मी शिक्षिका आहे. काही वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गातून सहलीचे पैसे गेले. एका चांगल्या घरच्या मुलावर दोघातिघांनी बोट दाखवलं. त्याचे अब्बा आणि चाचा शाळेत आले, आमचा मुलगा असा नाही म्हणाले, आणि जाता जाता मागच्या बाकावर बसणाऱ्या एका मजुराच्या मुलाचं नाव घेऊन गेले. आम्ही, म्हणजे मीसुद्धा, त्या मुलाचं दप्तर सगळ्यांसमोर रिकामं करायला लावलं. काही सापडलं नाही. महिन्याभराने पहिल्या मुलाची अम्मी एकटीच आली, पदराआडून पाकीट काढलं, रडली. पैसे पूर्ण होते. पण तोवर मजुराच्या मुलाने शाळा सोडली होती. मी त्याच्या घरी गेले, माफी मागितली. तो बाहेर आला नाही. आयत ११२ वाचताना मला आजही ते उलटं केलेलं दप्तर दिसतं.

घरातला खोटेपणा नेहमी चोरीच्याच रूपात येतो असं नाही. आपल्याकडे तो बहुतेक तीन ठिकाणी दिसतो.

पहिलं, विरासत. याच सूरतेच्या आयत ७ मध्ये म्हटलंय की आईवडील आणि नातेवाईक जे मागे ठेवतात त्यात मर्दांचा हिस्सा आहे तसा औरतांचाही, माल थोडा असो की जास्त. ११, १२ आणि १७६ या आयतींत हिस्से ठरवून दिलेत. तरी अब्बांच्या इंतकालनंतर तलाठ्याकडे वारसांची नावं देताना बहिणींची नावं गाळली जातात. किंवा चाळिसावा व्हायच्या आत हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते आणि सांगितलं जातं, तिने खुशीने माफ केलं. हिस्सा किती हे तिला सांगितलं होतं का? नाही म्हणायची सोय होती का? घरातले सगळे ‘हो, तिने माफ केलंय’ म्हणतात तेव्हा ते सगळे खसीम होतात.

दुसरं, रिश्ता. मुलाचं व्यसन, मुलीचं जुनं आजारपण, आधीचा मोडलेला निकाह लपवला जातो. खाला, फुफी, मामू सगळे एकसुरात साक्ष देतात. निकाहनंतर महिन्याभरात सगळं उघडं पडतं आणि दोन घरं मोडतात.

तिसरं, सुनेची तक्रार. घरात काय झालं हे सासू, नणंद, दीर सगळ्यांना माहीत असतं. जमातसमोर मात्र एकच पाठ: आमचा मुलगा असा नाही, तिचीच जबान लांब आहे. इथे तर चोरी आणि आळ, दोन्ही एका घरातच.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मुसलमानाचा ऐब झाकावा असंही हदीसमध्ये आहे. मग हे कसं जुळतं?

सहीह मुस्लिममध्ये ती हदीस आहेच. पण उलमा सांगतात की झाकायचं ते, जे माणसाच्या आणि अल्लाहच्या मधलं आहे. जिथे दुसऱ्या बंद्याचा हक्क अडकलाय तिथे हक्क आधी पोहोचवायचा. गावभर सांगायची गरज नाही. रिफाआ यांनीही फक्त हत्यारं मागितली होती.

मग आपल्या माणसाची बाजू घ्यायचीच नाही का?

घ्यायची. बुखारीत हदीस आहे की भावाची मदत करा, तो जालिम असो की मजलूम. सहाबांनी विचारलं, जालिमाची मदत कशी? उत्तर मिळालं की त्याला जुलूम करण्यापासून रोखा. ज्याच्यावर खोटा आळ आला त्याच्यासाठी वकील लावणं, त्याची बाजू मांडणं हा त्याचा हक्कच आहे. मना आहे ते, खरं माहीत असताना खोट्यासाठी उभं राहणं.

समोरचा आपल्या कौमचा नसेल तर?

दुसऱ्या रिवायतीतला निर्दोष माणूस यहूदी होता आणि त्याच्याविरुद्ध बोलणारे मुसलमान. सूरह माइदाच्या आठव्या आयतीत स्पष्ट सांगितलंय की एखाद्या कौमशी दुश्मनी असली तरी इन्साफ सोडू नका. शेजारी, भाडेकरू, दुकानातला नोकर, कुणीही असो, हक्क हक्कच आहे.

मुलांना ही हकीकत कशी सांगावी?

पिठाच्या रेघेपासून सुरुवात करा. मुलं लगेच कान देतात. मग एकच प्रश्न विचारा: त्या घरात तू असतास तर रात्री चूल पेटल्यावर काय बोलला असतास? उत्तराची घाई करू नका. आणि मुलाने कधी खरंच येऊन चूक कबूल केली, तर त्या दिवशी आवाज चढवू नका. कबूल करण्याची जागा घरात शिल्लक असली तरच मूल घरी खरं बोलतं.

अल्लाह तआला आपल्याला आपल्या माणसांवर असं प्रेम करायची तौफीक देवो की जे त्यांना कयामतच्या दिवशीही उपयोगी पडेल. आमीन.